विषयवार गुण

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पालकांची रांग लागते. प्रगतिपुस्तक हाती पडताच बहुतेकांची नजर तळाच्या ओळीवर जाते. पास की नापास, एवढेच त्यांना हवे असते. आजवरच्या नोकरीत कितीतरी पालकांना समोर बसवून आम्ही सांगितले असेल, “तळाची ओळ मागाहून पाहा, आधी विषयवार गुण वाचा. मुलगा भाषेत आणि इतिहासात चांगला आहे. गणितात मागे पडला, कारण त्याला फळ्यावरचे आकडे दिसत नाहीत. त्याला शिकवणी नको, चष्मा हवा.” हा उपदेश इतरांना करणाऱ्या आम्हांस तो स्वतःच्या घरात मात्र आठवला नाही. त्याचीच ही कथा आहे.

या सदरातून आम्ही आजवर मुलांच्या अभ्यासाविषयी, सीमाभागातील मराठी शाळांविषयी आणि सणावारांविषयी लिहीत आलो. आजचा विषय निराळा आहे. पाळी जाण्याच्या वयात स्त्रीला जो त्रास होतो, त्यावर हार्मोनचे औषध सुरू केले आणि काही महिन्यांनी ते लागू पडेनासे वाटू लागले, तर काय करावे? पुरुषाने, त्यातही शाळामास्तराने, या विषयावर लेखणी उचलावी का, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. ती आमच्याही मनात आली होती. म्हणून लिहिण्यापूर्वी सौ.ची परवानगी विचारली. त्या म्हणाल्या, “लिहा. पण तुम्ही काय केलं नाहीत, तेही लिहा.” तेव्हा तेही लिहीत आहोत.

आमच्या सौ.ची पाळी वयाच्या ४८व्या वर्षी थांबली. भारतीय स्त्रियांत हे वय सरासरी ४६-४७च्या आसपास असते. म्हणजे त्यात वेगळे असे काही नव्हते. त्याआधीची दोन वर्षे पाळी अनियमित झाली होती आणि अंगातून वाफा निघू लागल्या होत्या. बेळगावची डिसेंबरची थंडी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना वाकळीची ऊब काय असते हे सांगायला नको. अशा थंडीत पहाटे तीनच्या सुमारास आमच्या कानी पंख्याचा आवाज येई. “अगं, थंडी बाधेल, पंखा बंद कर,” एवढे बोलून आम्ही कूस बदलत असू. पंखा बंद होई. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होई. असे दोन हिवाळे गेले. या अवधीत ‘तुला काय होते आहे?’ हा प्रश्न आम्ही एकदाही विचारला नाही.

आमच्या थोरल्या भगिनी, आक्का, घरी आल्या तेव्हा त्यांनी आपला अनुभव सांगितला, “आमच्या वेळी असलं काही नव्हतं.” ते तेव्हाही असलेच पाहिजे. परंतु चुलीपुढचा घाम कोणता आणि हा घाम कोणता, हे पाहण्याइतकी उसंत त्या पिढीतील बायकांना होती कुठे? शिवाय पाळी गेली म्हणजे ‘सुटलो’ असे म्हणण्याची रीत. सुटलेल्या माणसाने तक्रार कशाची करायची?

अखेर कन्या माहेरी आली होती, तिने आईला स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे नेले. त्यांनी रक्तदाब पाहिला, स्तनांची तपासणी केली, घराण्यात कोणाला कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा विकार होता का हे विचारले आणि हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या. त्यांत इस्ट्रोजेन होते आणि जोडीला प्रोजेस्टेरॉन होते. गर्भाशय असलेल्या स्त्रीने नुसते इस्ट्रोजेन घेतले, तर गर्भाशयाचे अस्तर वाढून कर्करोगाचा धोका उद्भवतो. तो टाळण्यासाठी ही जोड द्यावी लागते. हाडांसाठी कॅल्शियमही दिले. थायरॉइडची गोळी सौ.ना गेली दहा वर्षे चालूच होती.

पहिले तीन महिने उत्तम गेले. पंखा शांत झाला आणि आम्हांस वाटले की, प्रकरण संपले. सहाव्या महिन्यात सौ. एके दिवशी म्हणाल्या, “या गोळ्यांचा काही उपयोग नाही. बंद करते.” सकाळी उठवत नाही, सांधे आखडतात, कशात मन लागत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्या वर्षी आषाढी एकादशीच्या भजनाला त्या गेल्या नाहीत. पेटीवरची खोळ महिनाभर निघाली नव्हती, हेही आमच्या ध्यानात मंडळाच्या भगिनी चौकशीला आल्या तेव्हा आले.

अशा वेळी समंजस माणसाने पुन्हा डॉक्टरांकडे जाऊ या, असे म्हटले असते. आम्ही मात्र वीस वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात वाचलेली बातमी उकरून काढली आणि म्हणालो, “बंदच कर. त्या गोळ्या वाईटच असतात.”

ती बातमी खोटी नव्हती, पण आम्ही ती अर्धवट वाचली होती. जुलै २००२मध्ये अमेरिकेतील एक मोठी पाहणी मुदतीपूर्वी थांबवण्यात आली. तीत ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रिया सहभागी होत्या. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसदृश औषध एकत्र घेणाऱ्यांत, दर वर्षी दर १०,००० स्त्रियांमागे स्तनकर्करोगाचे सुमारे ८ रुग्ण अधिक आढळले. पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या यांचेही प्रमाण वाढलेले दिसले. जगभर लाखो स्त्रियांनी औषध सोडले. परंतु त्या पाहणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा वर्षे उलटली होती. पुढे तीच आकडेवारी वयोगटानुसार तपासली, तेव्हा चित्र बदलले. वय ६०च्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षे झाली नसतील, त्रास मोठा असेल आणि अन्य अडथळा नसेल, तर बहुतेक स्त्रियांना या औषधाचा लाभ धोक्याहून अधिक होतो, असे आज तज्ज्ञ मानतात. नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरील बहुतेक ठळक इशारे काढून टाकण्याचे जाहीर केले. म्हणजे त्या मूळ निकालातही आम्ही तळाची ओळ तेवढी वाचली होती, वयवार गुण वाचलेच नव्हते!

आमच्या बोलण्याचा परिणाम असा झाला की, सौ.नी गोळी एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. साहजिकच वाफा परतल्या. ‘बघा, लागू पडतच नाही,’ याला पुरावा मिळाला, आणि तो पुरावा आम्ही दोघांनी मिळून तयार केला होता.

पुढच्या तपासणीला या खेपेस आम्हीही गेलो. “औषध लागू पडत नाही,” असे आम्ही सांगताच डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारले, “कशाला लागू पडत नाही?” या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. त्यांनी सांगितले, “गोळी पूर्वीसारखी रोज घ्या आणि महिनाभर वही ठेवा. प्रत्येक त्रास निरनिराळा लिहा.” वहीला रेघा आम्ही आखल्या, तेवढे काम आम्हांस चांगले येते. सहा रकाने केले: वाफा व घाम, झोप, थकवा, मन, सांधे, आणि लघवी व नाजूक जागेचा त्रास. सातवा ‘इतर’ असा ठेवला. रोज रात्री शून्यापासून तीनपर्यंत गुण मांडायचे, असे ठरले.

महिन्याने वही समोर आली, तेव्हा आम्ही चकित झालो. पूर्वी दिवसाला आठ-दहा वेळा येणाऱ्या वाफा आता एक-दोनवर आल्या होत्या. त्या रकान्यात औषध उत्तम गुणांनी उत्तीर्ण होते. नापासाचे गुण होते ते थकव्यात आणि मनात. ‘इतर’ या रकान्यात तीन शब्द वारंवार आले होते: थंडी, बद्धकोष्ठ, केसगळती. जिला भर डिसेंबरात पंखा लागत असे, तिला आता जुलैत शाल लागत होती, आणि ही गोष्ट घरात कोणाच्या लक्षात आली नव्हती. डॉक्टरबाईंनी तो रकाना वाचला आणि विचारले, “थायरॉइडची गोळी कशी घेता?” सौ. म्हणाल्या, “सकाळी चहाबरोबर. सगळ्या गोळ्या एकदमच घेते, म्हणजे विसरायला नको.”

चूक येथे होती, आणि ती नीटनेटकेपणातून झाली होती. थायरॉइडची गोळी उपाशी पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी तिच्यासोबत घेतली, तर ती नीट शोषली जात नाही; दोहोंमध्ये सुमारे चार तासांचे अंतर हवे. त्यात आणखी एक भर होती. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे रक्तात थायरॉइडचे संप्रेरक धरून ठेवणारी प्रथिने वाढतात आणि शरीराच्या उपयोगी पडणारा त्याचा मोकळा अंश घटतो. निरोगी ग्रंथी ही तूट स्वतः भरून काढते. गोळीवर अवलंबून असलेल्या स्त्रीला मात्र मात्रा वाढवावी लागू शकते. म्हणून हार्मोनची गोळी सुरू केल्यावर सहा ते बारा आठवड्यांत थायरॉइडची तपासणी करायची असते. ती आमच्याकडून राहून गेली होती. आता रक्ततपासणीत टी.एस.एच. बरेच वाढलेले निघाले. हार्मोनचे औषध आपले काम करीत होते. शिक्षा मात्र त्याला दुसऱ्याच्या अपराधाची होणार होती.

आमच्या घरची गोष्ट थायरॉइडची निघाली. दुसऱ्या घरी ती वेगळी निघेल. म्हणून पुढील काही गोष्टी, डॉक्टरांना विचारून व वाचून समजल्या तशा, वाचक-भगिनींपुढे ठेवतो. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेणार नाहीत. डॉक्टरांकडे जाताना काय विचारावे, एवढेच त्यांतून कळावे.

पहिली गोष्ट मुदतीची. वाफा काही आठवड्यांत कमी होऊ लागतात, पण औषधाचा पूर्ण परिणाम कळण्यास तीन महिने द्यावे लागतात. त्याआधी निकाल लावू नये. शिवाय पाळी पूर्णपणे जाण्यापूर्वीच्या वर्षांत शरीरातील संप्रेरके स्वतःच वरखाली होत असतात. त्यामुळे औषध तेच असूनही एखादा महिना बरा जातो आणि एखादा वाईट.

दुसरी गोष्ट औषध शरीरात पोहोचते की नाही, याची. त्वचेवर लावायची पट्टी असेल, तर ती तेल वा पावडर न लावलेल्या कोरड्या, स्वच्छ त्वचेवर, कमरेखाली लावायची असते. स्तनांवर कधीही नाही. अभ्यंगस्नानाच्या दिवशी किंवा वैशाखाच्या घामात ती सुटते आणि औषधाला दोष येतो. जेल असेल तर ते वाळू द्यावे, लगेच स्नान करू नये, आणि लावलेल्या जागेला लहान मुलांचा स्पर्श होऊ देऊ नये. काहींच्या त्वचेतून औषध पुरेसे शोषलेच जात नाही. त्यांना मात्रा किंवा प्रकार बदलून देता येतो. गोळीने गुठळ्यांचा धोका थोडा वाढतो, नेहमीच्या मात्रेतील पट्टीने तो वाढत नाही, असे आढळले आहे. तेव्हा प्रकार बदलताना हेही विचारावे.

तिसरी गोष्ट इतर औषधांची. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन, तसेच फेफऱ्यावरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन या औषधांमुळे यकृत इस्ट्रोजेनचा निचरा वेगाने करते आणि त्याचा परिणाम उणा होतो. आपण कोणकोणत्या गोळ्या घेतो, त्यांची यादी, काढे आणि चूर्णे धरून, डॉक्टरांपुढे ठेवावी. ‘ते आयुर्वेदिक आहे, त्यात काय सांगायचे,’ असे म्हणू नये.

चौथी गोष्ट ज्या त्रासाबद्दल स्त्रिया बहिणीजवळही बोलत नाहीत, त्याची. जागेचा कोरडेपणा, जळजळ, वारंवार लघवी, संबंधाच्या वेळच्या वेदना: या तक्रारी पोटात घेतलेल्या गोळीने सगळ्यांच्याच जात नाहीत. त्यासाठी त्या जागी लावायचे अल्प मात्रेचे इस्ट्रोजेनचे मलम किंवा आत ठेवायची गोळी असते, आणि ती मुख्य औषधासोबतही देता येते. तिचा गुण यायला कित्येक आठवडे लागतात. या एका रकान्यात गुण कमी पडले, म्हणून सगळे औषध सोडण्याचे कारण नाही.

पाचवी गोष्ट अशी की, पन्नाशीतला प्रत्येक त्रास पाळी गेल्याचा नसतो. रक्तक्षय, मधुमेह, थायरॉइड, ड जीवनसत्त्वाची उणीव, झोपेत श्वास अडखळणे आणि खरेखुरे नैराश्य ही याच वयात, याच वेषात येतात. नैराश्य असेल तर त्याचा उपचार निराळा करावा लागतो. हार्मोनची मात्रा वाढवून ते भागत नाही. तसेच ज्यांची तरुणपणी गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली गेली, त्यांचा त्रास एकाएकी आणि तीव्र सुरू होतो. त्यांना मात्राही अधिक लागू शकते.

औषधाखेरीज काय करता येते? वाफा येतात त्या मेंदूतील तापमान राखणारी यंत्रणा फार हळवी झाल्यामुळे. थोड्याशा उष्णतेनेही ती घाम सोडते. म्हणून सुती कपडे, हवेशीर खोली, रात्रीचा कडक चहा आणि जळजळीत तिखट टाळणे यांचा काहींना उपयोग होतो. वजन जास्त असल्यास ते उतरवण्यानेही फरक पडतो. धूम्रपानाने वाफा वाढतात; आपल्या भागात बायका दात घासायला मिश्री लावतात, तीही तंबाखूच आहे, तेव्हा तीही सुटली तर बरे. रोजचे चालणे आणि आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचे व्यायाम हाडांना व झोपेला हितकर आहेत. विचार आणि सवयी यांना वळण लावणारी समुपदेशनाची एक पद्धत आहे. वाफा, झोप आणि मन या तिन्हींसाठी ती औषधाच्या जोडीने सुचवली जाते. ज्यांना हार्मोन चालतच नाहीत, उदाहरणार्थ स्तनकर्करोग होऊन गेलेल्या स्त्रिया, त्यांच्यासाठी नैराश्यावरील काही औषधे अल्प मात्रेत वापरतात. फेझोलिनेटंट नावाचे हार्मोनविरहित नवे औषध अमेरिकेत २०२३मध्ये मान्य झाले. परंतु २०२४मध्ये त्यावर यकृताच्या इजेचा ठळक इशारा घालावा लागला. म्हणजे नवे म्हणून निर्धोक, असेही नव्हे.

काही प्रसंगी मात्र वही भरत बसू नये. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्तस्राव झाला, तर विनाविलंब तपासणी करून घ्यावी. औषध सुरू केल्यावर पहिले तीन महिने थोडे डाग दिसू शकतात. त्यापुढेही दिसले तर सांगावे. एका पोटरीला सूज येऊन ती दुखणे, एकाएकी धाप लागणे, छातीत दुखणे, स्तनात गाठ लागणे: यांतले काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. आणि आमच्यासारख्या शहाण्या नवऱ्याच्या सांगण्यावरून औषध बंद करू नये, निम्मेही करू नये, दुप्पटही करू नये.

सौ.ची थायरॉइडची गोळी आता पहाटे उठल्याबरोबर पाण्यासोबत असते, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. मात्रा थोडी वाढवली; दोन महिन्यांनी तपासणी झाली, ती ठीक निघाली. थकवा हळूहळू उतरला. सांधे अजून कुरकुरतात. तो रकाना काठावर पास आहे. गणेशोत्सवात पेटीवरची खोळ निघाली. पहिले दोन दिवस बोटे अडखळली, असे त्या सांगतात. आम्हांस संगीतातले काही कळत नसल्याने ते जाणवले नाही.

वही स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अजून टांगलेली आहे. मध्यंतरी सहज उघडून पाहिली, तर सौ.नी आमच्या रेघांच्या पलीकडे हाताने आठवा रकाना आखलेला दिसला. त्यावर लिहिले होते, ‘यांनी विचारले का?’ त्याखाली सुरुवातीचे कितीतरी दिवस शून्ये होती. अलीकडे एक-दोन गुण पडू लागले आहेत. तीन अद्याप एकदाही मिळालेले नाहीत.